‘वातावरण ठीक नाही’ म्हणून निवडणूक पुढे ढकलता येते का?

२१ जून १९९१, शुक्रवार. दिल्लीत पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधानपदाची शपथ घेत होते आणि पंजाबात दुसऱ्या दिवशीच्या मतदानाची तयारी पुरी झाली होती. विधानसभेच्या ११७ आणि लोकसभेच्या १३ जागा. जाहीर प्रचार थांबलेला, बंदोबस्त लागलेला. अशा वेळी निवडणूक आयोगाचा आदेश आला की उद्याचं मतदान होणार नाही. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी तारीख थेट २५ सप्टेंबरवर नेऊन ठेवली.

कारण उघड होतं. त्या प्रचारात अतिरेक्यांनी वीसहून अधिक उमेदवार मारले होते. मतदानाला आठवडा उरलेला असताना, १५ जूनला, लुधियानाजवळ दोन रेल्वेगाड्यांवर हल्ला होऊन सत्तरहून अधिक प्रवासी गेले. तरीही हा आदेश सगळ्यांना पटला असं नाही. पंजाबचे राज्यपाल, माजी लष्करप्रमुख जनरल ओ. पी. मल्होत्रा यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

दंगल, हल्ले, उमेदवारांना धमक्या असं काही झालं की अजूनही हाच वाद उभा राहतो. एक बाजू म्हणते, माणसं मरतायत आणि तुम्हाला मतदानाचं पडलंय? दुसरी म्हणते, हे ढकलायचं निमित्त आहे. दोघंही कोर्टात धावतात, आणि कोर्ट बहुतेक वेळा हात आखडता घेतं. ते तसं का वागतं हे समजलं की पुष्कळ गोष्टी सुटतात.

## आधी एका नोटीसबोर्डाची गोष्ट

आमच्या जुन्या सोसायटीत, पंचवीस-तीस बिऱ्हाडांच्या, एका वर्षी पार्किंगवरून हातघाईवर प्रकरण गेलं. पुढच्याच रविवारी सर्वसाधारण सभा होती आणि त्यात नवी कमिटी निवडायची होती. शनिवारी नोटीसबोर्डावर कागद लागला: ‘सद्यःस्थितीत वातावरण तणावपूर्ण असल्याने सभा पुढील सूचनेपर्यंत तहकूब.’ खाली सेक्रेटरींची सही.

कारण खोटं नव्हतं. भांडण सगळ्या मजल्यांनी ऐकलं होतं. पण सही होती ज्यांची खुर्ची जाणार होती त्यांची, आणि ‘पुढील सूचनेपर्यंत’ म्हणजे कधीपर्यंत हे कागदावर नव्हतं. ते आठ महिने चाललं. तोवर चेकवर सह्या जुन्याच कमिटीच्या, आणि मधल्या मध्ये लिफ्टचं कंत्राटही देऊन झालं.

निवडणूक पुढे ढकलण्याचा सगळा कायदा या एका कागदात बसतो. सही कोणाची? दिलेलं कारण खरं आहे का? पुढची तारीख लिहिली आहे का? आणि चौथा प्रश्न, जो लोक विचारायला विसरतात: तोवर कारभार कोण पाहणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर घटनेने सुरुवातीलाच देऊन टाकलं. कलम ३२४ प्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांची देखरेख, दिशा आणि नियंत्रण निवडणूक आयोगाकडे आहे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत हेच काम प्रत्येक राज्याचा स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग करतो. सरकार आयोगाला ‘परिस्थिती बिकट आहे’ असं सांगू शकतं, अहवाल देऊ शकतं, फौजफाटा नाही म्हणून हात वर करू शकतं. तारखेवरची सही मात्र आयोगाची. आमच्या सेक्रेटरींना ती सोय घटनेने ठेवली नसती.

## एक बूथ, एक मतदारसंघ, अख्खं राज्य

‘निवडणूक पुढे गेली’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे एक मतदान केंद्र. झेडपीच्या शाळेतले एखादे गुरुजी केंद्राध्यक्ष म्हणून बसलेत. पहाटे उठून मॉक पोल घेतलाय, पोलिंग एजंटांच्या सह्या झाल्यात, बोटांना शाई लागतेय. अकरा वाजता बाहेर दगडफेक सुरू होते आणि जमाव दारापर्यंत येतो. अशा वेळी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ५७ त्या गुरुजींना थेट अधिकार देतं. दंगल किंवा उघड हिंसाचाराने काम अडलं, पूर आला, तर ते तिथल्या तिथे मतदान तहकूब करू शकतात. पुढची तारीख मात्र आयोगाच्या मंजुरीने ठरते, आणि ते राहिलेलं मतदान झाल्याशिवाय मतमोजणी सुरू करता येत नाही. यंत्रच पळवलं किंवा फोडलं तर फेरमतदान. बोर्डाच्या परीक्षेत एका केंद्रावर पेपर फुटला तर त्या केंद्राची परीक्षा पुन्हा घेतात, अख्ख्या महाराष्ट्राची नाही, तसंच हे.

दुसरी पायरी मतदारसंघाची. पूर्वी मतदानाआधी कुठलाही उमेदवार दगावला की त्या मतदारसंघातली निवडणूक रद्द व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यातला धोका पंजाबने दाखवला. मतदारसंघातली निवडणूक थांबवायची असेल तर कोणा तरी एका अपक्षाला गाठलं की काम झालं. म्हणजे उमेदवारांच्या मृत्यूची दखल घेणारा नियमच उमेदवारांच्या जिवावर उठला. पुढे नव्वदच्या दशकात हे कलम बदललं. आता मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार वारला तरच मतदान तहकूब होतं, आणि त्या पक्षाला दुसरा उमेदवार देण्यासाठी सात दिवस मिळतात. अपक्ष उमेदवाराच्या मृत्यूने मतदान थांबत नाही. ऐकायला निर्दय वाटतं, पण या नियमाने काही अपक्षांचे जीव वाचले असतील असं मला वाटतं.

तिसरी पायरी अख्ख्या राज्याची किंवा देशाची. इथे कायद्याची कलमं तोकडी पडतात. कलम १५३ प्रमाणे पुरेसं कारण असेल तर आयोग निवडणूक पूर्ण करण्याची मुदत वाढवू शकतो, आणि बाकीची भिस्त कलम ३२४ वर. पंजाबच्या महिनाभर आधीच हे झालं होतं. २१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली, तेव्हा लोकसभेचा पहिला टप्पा होऊन गेला होता. उरलेले २३ आणि २६ मे चे टप्पे शेषन यांनी १२ आणि १५ जूनवर नेले. त्यावर फारशी कुरकूर झाली नाही, कारण शोक खरा होता, मुदत तीन आठवड्यांची होती आणि नव्या तारखा लगेच हातात आल्या.

## मग कोर्टाचं दार बंद का असतं?

घटनेचं कलम ३२९(ब) म्हणतं की निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निवडणूक याचिकेनेच, म्हणजे निकाल लागल्यानंतर. स्थानिक निवडणुकांसाठीही अशीच तरतूद आहे. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक चालू असतानाच याची परीक्षा झाली. मद्रास राज्यातल्या नामक्कलच्या एन. पी. पोन्नुस्वामी यांचा उमेदवारी अर्ज छाननीत बाद झाला आणि ते कोर्टात गेले. १९५२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ‘निवडणूक’ म्हणजे फक्त मतदान नव्हे. अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक. ती एकदा सुरू झाली की मध्ये कोणी आडवं यायचं नाही. तक्रारी शेवटी ऐकू.

यामागचा विचार व्यवहारी आहे. प्रत्येक मतदारसंघात बाद झालेले अर्ज, नाराज उमेदवार, चिडलेले पक्ष असतातच. प्रत्येकाला स्थगिती मागायची मुभा दिली तर देशात एकही निवडणूक वेळेवर होणार नाही. कबड्डीच्या सामन्यात प्रत्येक चढाईनंतर पंचाच्या निर्णयावर सुनावणी ठेवली तर खेळ कधी व्हायचा? आणि सामना लांबला तर ज्याची आघाडी आहे त्याचीच चैन.

पण दार बंद म्हणजे कुलूप नव्हे. १९७७ मध्ये पंजाबातच, फिरोजपूर लोकसभा मतदारसंघात मतमोजणीच्या वेळी जमावाने धुडगूस घालून मतपत्रिका नष्ट केल्या. आयोगाने अख्ख्या मतदारसंघाचं मतदान रद्द करून नव्याने घ्यायला सांगितलं. आघाडीवर असलेले मोहिंदरसिंग गिल कोर्टात गेले. कोर्टाने आयोगाचा अधिकार मान्य केला: जिथे कायदा गप्प आहे तिथे निवडणूक नीट पार पाडण्यासाठी लागेल ते करायला कलम ३२४ पुरेसं आहे. पण दोन अटी घातल्या. जिथे कायदा बोलतो तिथे आयोगाने त्याच्या विरुद्ध जायचं नाही. आणि आदेश देताना जी कारणं कागदावर लिहिली, त्यांवरच तो उभा राहील किंवा पडेल. नंतर कोर्टात शपथपत्र देऊन नवी कारणं चिकटवता येणार नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जुन्या दारूची उपमा दिली होती, की आदेश काही तसे वयाबरोबर सुधारत नाहीत. आपल्याकडे म्हणायचं तर आदेश म्हणजे बरणीतलं लोणचं नव्हे, मुरत ठेवलं की चव येईल असं.

पुढच्या निकालांतून नियम असा बसला: निवडणूक पुढे सरकावी, सुरळीत व्हावी म्हणून कोर्ट मदत करील, ती अडेल, लांबेल असं काही सहसा करणार नाही. याचिकेत ‘संरक्षण द्या’ लिहिलंय की ‘थांबवा’ लिहिलंय, यावर निम्मा निकाल ठरतो.

## पंजाबच्या याचिकेला काय उत्तर मिळालं?

शेषन यांच्या आदेशाविरुद्धचा खटला ‘दिग्विजय मोटे विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ओळखला जातो. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: राज्यात निवडणूक घेण्याजोगी स्थिती आहे का, हे ठरवणं आयोगाचं काम. आम्ही आयोगाच्या खुर्चीत बसून पुन्हा तोलमाप करणार नाही. पण आयोगाचा हा अधिकार बेलगामही नाही. निर्णय मनमानी असेल, हेतू वाईट असेल, तर आम्ही तपासू.

म्हणजे ‘शांतता आहे का’ हा प्रश्न कोर्ट घेत नाही. ‘ठरवणाऱ्याने डोकं ठिकाणावर ठेवून ठरवलं का’ एवढंच पाहतं. सर्जनने ऑपरेशन आज करावं की उद्या, हे ग्राहक मंच सांगत नाही. पण त्याने रुग्णाला न तपासताच तारीख दिली असेल तर मंच जाब विचारतो. हे तसंच.

## गुजरातमध्ये उलटंच झालं

सरकारला नेहमी निवडणूक लांबवायचीच असते असं नाही. २००२ मध्ये गुजरातेत दंगलींनंतर सरकारला ती लवकर हवी होती. १९ जुलैला मुदतीआधीच विधानसभा बरखास्त झाली. मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह आणि त्यांचे सहकारी राज्यात फिरून आले आणि १६ ऑगस्टला आयोगाने आदेश काढला: अनेक मतदार घरं सोडून गेलेत, मतदार याद्या नीट करायला हव्यात, लोकांच्या मनात भीती आहे, इतक्यात निवडणूक नाही.

केंद्राने राष्ट्रपतींमार्फत सुप्रीम कोर्टाचा सल्ला मागितला. मुद्दा वरकरणी बिनतोड होता. घटनेचं कलम १७४ म्हणतं, विधानसभेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको. शेवटची बैठक एप्रिलच्या सुरुवातीला झालेली, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत नवी विधानसभा बसलीच पाहिजे! कोर्टाने २८ ऑक्टोबरला उत्तर दिलं की हे कलम जिवंत विधानसभेसाठी आहे. जे घरच पाडलं, त्याला सहा महिन्यांनी रंग द्यायचा नियम कसा लागेल? तारीख ठरवणं आयोगाचंच काम. मात्र आयोगालाही लगाम घातला: मुदतीआधी विधानसभा बरखास्त झाली तर साधारण सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी. मतदान १२ डिसेंबरला झालं, आणि ज्या पक्षाला ती लवकर हवी होती त्यालाच १८२ पैकी १२७ जागा मिळाल्या. निवडणूक लांबली की कोणाचा फायदा होतो याचे राजकीय पंडितांचे अंदाज बऱ्याचदा चुकतात, हे जाता जाता.

## ‘उमेदवार मारला जाईल, तरी निवडणूक घ्यायची?’

हा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि त्याला चटकन उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

त्रिपुरात नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका होत्या. उमेदवारांवर, कार्यकर्त्यांवर हल्ले होतायत, प्रचार करू देत नाहीत, अशी तक्रार घेऊन तृणमूल काँग्रेस सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टाने आधी राज्याला संरक्षण द्यायला सांगितलं. हल्ले थांबले नाहीत म्हणून पक्षाने मतदानच पुढे ढकला अशी मागणी केली. मतदानाला दोन दिवस असताना न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि विक्रम नाथ यांनी नकार दिला: निवडणूक पुढे ढकलणं हा शेवटचा आणि टोकाचा उपाय. त्याऐवजी बंदोबस्ताचे आदेश दिले, आणि मतदान चालू असताना केंद्रीय दलांच्या आणखी दोन कंपन्या पाठवायला लावल्या.

कोर्टाची भीती समजते. हाणामारी केली की निवडणूक पुढे जाते हे एकदा सिद्ध झालं, तर ज्याला हरायची भीती तो पुढच्या वेळी आधी हाणामारीच करील. तारखेचा रिमोट गुंडाच्या हातात.

पण दुसरं टोकही पाहा. त्रिपुरातल्या त्या निवडणुकीत भाजपने ३३४ पैकी ३२९ जागा जिंकल्या, त्यातल्या ११२ बिनविरोध. हे सगळं लोकांच्या मनातलंच होतं की अर्ज भरायला कोणी धजावलं नाही, हे आकड्यावरून कळत नाही. पश्चिम बंगालमध्ये २०१८ च्या पंचायत निवडणुकीत हा प्रश्न आणखी ढळढळीत होता. ५८ हजारांहून अधिक जागांपैकी २० हजारांहून अधिक बिनविरोध. विरोधकांचं म्हणणं, आम्हाला अर्ज भरायच्या कचेरीपर्यंत पोचूच दिलं नाही. भांगड भागातल्या नऊ जणांनी तर अर्जाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. कलकत्ता हायकोर्टाने ते घ्यायला लावले आणि त्यांतले पाच जण निवडून आले! ही बातमी वाचली तेव्हा मी हसलो होतो. मग लक्षात आलं की दार मोकळं असतं तर आणखी किती जण उभे राहिले असते, हे कोणालाच मोजता येणार नाही.

सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्या बिनविरोध जागा रद्द करायला नकार दिला. ई-मेलने अर्ज घ्यायची सोय कायद्यात नाही असंही सांगितलं, आणि तक्रारदारांना निवडणूक याचिकेसाठी तीस दिवस दिले. कायद्याच्या चौकटीत निकाल बसतो. पण अर्जच भरता न आलेल्या माणसाने निकालानंतर, ज्यांनी अडवलं त्यांच्याच गावात राहून, खटला लढवायचा हे उत्तर मला तोकडं वाटतं. पाच वर्षांनी कोर्टही थोडं पुढे आलं. २०२३ च्या बंगाल पंचायत निवडणुकीत हायकोर्टाने केंद्रीय दलं आणायला सांगितली, आणि त्याविरुद्ध गेलेल्या राज्य सरकारला आणि राज्य निवडणूक आयोगाला सुप्रीम कोर्टाने परत पाठवलं. निवडणूक म्हणजे हिंसाचाराचा परवाना नव्हे असं सुनावलं. तरी मतदानाच्या दिवशी, ८ जुलैला, दहाहून अधिक माणसं मेली आणि ६९६ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं.

‘काहीही झालं तरी तारीख पाळा’ याची सगळ्यात भयंकर किंमत आसामने मोजली. परदेशी नागरिकांच्या प्रश्नावर आंदोलन पेटलेलं, मतदार याद्यांवरच भांडण, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निवडणूक रेटली. राष्ट्रपती राजवटीची वर्षाची मुदत संपत आली होती हे एक कारण. १८ फेब्रुवारीला नेली परिसरात काही तासांत, सरकारी आकड्यानुसारही, अठराशेहून अधिक लोकांची कत्तल झाली. या निवडणुकीने सरकार दिलं, पण राज्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदानच केलं नव्हतं.

## ढकलण्याऐवजी काही करता येत नाही का?

येतं, आणि आयोग ते करतो. गडचिरोलीच्या दुर्गम भागात मतदान दुपारी तीनला संपतं, म्हणजे मतदान पथकं अंधाराआधी तळावर परततात. कित्येक पथकं हेलिकॉप्टरने जातात. मतदान टप्प्याटप्प्याने घेतात, म्हणजे तीच निमलष्करी दलं इकडून तिकडे हलवता येतात. बाहेरच्या राज्यातले निरीक्षक नेमतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या करतात.

काश्मीरमधल्या अनंतनागमध्ये हे दोन्ही प्रकार पाहायला मिळाले. एप्रिल २०१७ मध्ये शेजारच्या श्रीनगरच्या पोटनिवडणुकीत मतदानाच्या दिवशी आठ जण मारले गेले आणि मतदान सात टक्क्यांच्या आसपास झालं. अनंतनागला तीन दिवसांनी मतदान होतं. तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराने स्वतःच पुढे ढकलण्याची मागणी केली. तारीख २५ मे वर गेली. मग तीही रद्द झाली. मग तारीखच आली नाही, आणि ती जागा २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी राहिली. २०१९ मध्ये आयोगाने त्या एकट्या मतदारसंघात तीन टप्प्यांत मतदान घेतलं. मतदान फार कमी झालं, पण निदान खासदार मिळाला.

तारखेशिवाय ढकललेली निवडणूक ही रद्द केलेली निवडणूकच असते, फक्त तसं कोणी म्हणत नाही.

## कोर्टाने तारीख दिली आणि कोणी ऐकलंच नाही तर?

हेही घडलंय, सीमेपलीकडे. पाकिस्तानच्या पंजाब प्रांताची विधानसभा जानेवारी २०२३ मध्ये बरखास्त झाली. त्यांच्या घटनेप्रमाणे ९० दिवसांत निवडणूक हवी. तिथल्या आयोगाने ३० एप्रिलची तारीख सुरक्षेचं आणि पैशांचं कारण देत ८ ऑक्टोबरवर नेली. सुप्रीम कोर्टाने हा आदेश बेकायदा ठरवून १४ मे ही तारीख स्वतः ठरवून दिली. संसदेने पैसे नाकारले, फौज मिळाली नाही, १४ मे आला आणि गेला. मतदान झालं ८ फेब्रुवारी २०२४ ला. आपलं कोर्ट स्वतः तारीख द्यायला का कचरतं, याचं एक कारण इथे दिसतं. मतपेटीचा बंदोबस्त कोर्टाच्या शिपायाला करता येत नाही.

## तोवर कारभार कोणाचा?

लोकसभेची किंवा विधानसभेची पाच वर्षं भरली की ती आपोआप संपते. तिची मुदत वाढवायची तर आणीबाणी लागते, आणि संसद तेव्हा एका वेळी एक वर्ष वाढवू शकते. लोकसभेची मुदत अशी वाढवली ती १९७६ मध्ये, दोनदा. राज्यात निवडणूक होऊ शकत नसेल तर राष्ट्रपती राजवट. पण ती वर्षाच्या पुढे न्यायची तर आणीबाणी चालू हवी आणि निवडणूक घेणं कठीण आहे असं आयोगाचं प्रमाणपत्रही हवं. पंजाबात मे १९८७ पासून राष्ट्रपती राजवट होती, आणि तिची मुदत पाच वर्षांपर्यंत ताणण्यासाठी पुन्हा पुन्हा घटनाच दुरुस्त करावी लागली. एवढा खटाटोप करावा लागतो हेच बरं आहे.

महापालिकांत आणि झेडप्यांत खटाटोप नाही. मुदत संपली की प्रशासक. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात बजावलं होतं की पाच वर्षांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. दंगल, कायदा-सुव्यवस्था कोसळणं किंवा नैसर्गिक आपत्ती अशी अपवादात्मक स्थिती सोडून सबब चालणार नाही. आपल्याकडे दंगल नव्हती, पूर नव्हता. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात होता. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये, तेही सुप्रीम कोर्टाने मुदत घालून दिल्यावर. पावणेचार वर्षांहून अधिक काळ मुंबईकराला नगरसेवक नव्हता. गटार तुंबलं तर सांगायचं कोणाला, हा प्रश्न घटनेच्या कलमांत दिसत नाही.

## त्या पंजाबच्या निवडणुकीचं पुढे काय झालं?

२५ सप्टेंबरलाही ती झाली नाही. झाली १९ फेब्रुवारी १९९२ ला. मधल्या आठ महिन्यांत चित्र पालटलं होतं. जून १९९१ ला काँग्रेसने निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता आणि अकाली गट रिंगणात होते. फेब्रुवारीत काँग्रेस उतरली आणि प्रमुख अकाली गटांनी बहिष्कार टाकला. मतदान सुमारे २४ टक्के झालं. शंभरातल्या शहात्तर मतदारांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. काहींनी बहिष्कार म्हणून, काहींनी भीतीने. काँग्रेसला ११७ पैकी ८७ जागा मिळाल्या आणि बेअंतसिंग मुख्यमंत्री झाले.

शेषन चुकले होते का? वीसहून अधिक उमेदवार गमावलेल्या राज्यात २२ जूनला मतदान घेतलं असतं तर काय झालं असतं, कोण सांगणार. पण ज्या मतदाराने जूनमध्ये ज्याला मत द्यायचं ठरवलं होतं, तो उमेदवार फेब्रुवारीत बऱ्याच ठिकाणी मतपत्रिकेवरच नव्हता.

आदेश योग्य की अयोग्य यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९३ मध्ये आला. तोवर बेअंतसिंग यांच्या सरकारला वर्ष उलटून गेलं होतं.